बाळापूर, अडगांव आणि विजयपदकांची साक्ष

१

विजयाची स्मृति धातूवर कोरून ठेवण्याची चाल युरोपांत पंधराव्या शतकापासून पडली आणि पुढील दोन-तीनशें वर्षांत ती तेथील राज्यकारभाराचें एक अंगच होऊन बसली. मागील पिढ्यांच्या मराठींत ज्यांस 'चांद' म्हणत, तीं हीं पदकें आमच्या देशांत मुख्यतः इंग्रजी अमलाबरोबर आलीं. आज अनेक संग्राहकांच्या पेट्यांत नाण्यांच्या शेजारीं हे चांद मांडलेले असतात. नाण्यांचा ऐतिहासिक साधन म्हणून कसा उपयोग करावा, याची चर्चा आमच्यांत पुष्कळ झाली आहे. चांदांची तशी झालेली नाहीं. ज्यावर लढाईचें नांव व वर्ष स्पष्ट कोरलेलें आहे, त्याची आणखी परीक्षा ती काय करावयाची, असा समज याच्या मुळाशीं असावा. हा समज टाकून देण्यासारखा आहे, असें आमचें म्हणणें आहे.

आमचा सिद्धान्त थोडक्यांत असा कीं, विजयपदक हें ज्या दिवशीं पाडलें गेलें त्या दिवसाचें साधन होय. ज्या दिवसाचें नांव त्यावर आहे त्या दिवसाचें नव्हे. अस्सल पत्र आणि बखर यांत जो भेद आपण करितों, तोच भेद येथेंही केला पाहिजे. हें दाखविण्यास वऱ्हाडांतील बाळापूरचा टापू फार सोईचा आहे. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गांवाजवळ इ. स. १७२० मध्यें एक मोठी लढाई झाली. आणि येथून उत्तरेस, पूर्णा ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या अडगांवच्या मैदानांत इ. स. १८०३ मध्यें दुसरी झाली. पहिलीचें पदक कोणीं पाडलें नाहीं, तरी तिची आठवण दुसऱ्या वाटेनें टिकली. दुसरीचें पदक निघालें, पण तें अठ्ठेचाळीस वर्षांनीं. या दोहोंची तुलना केली असतां पदकाच्या साक्षीची किंमत ठरवितां येते.

२

प्रथम या चालीचें जन्मस्थान पाहूं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दींत, इ. स. १६६३ मध्यें, कोल्बेर या मंत्र्यानें विद्वानांची एक लहान मंडळी नेमली. राजाच्या पराक्रमांचीं पदकें कशीं असावींत, त्यांवर कोणतें चित्र व कोणतें लॅटिन वाक्य घालावें, हें ठरविणें हें तिचें एक मुख्य काम होतें. या उद्योगाचें फळ म्हणजे इ. स. १७०२ मध्यें राजाच्या छापखान्यांतून निघालेला भव्य ग्रंथ. त्यांत राजाच्या जन्मापासूनच्या प्रसंगांचीं २८६ पदकें ओळीनें मांडलीं आहेत. परंतु ही मालिका एकसारखी दिसावी म्हणून पुष्कळ पदकांचे ठसे एकाच मापाचे नव्यानें खोदविले होते. रोक्र्वाच्या लढाईचें पदक घ्या. लढाई इ. स. १६४३ ची, व तेंच वर्ष त्यावर आहे. तथापि या मालिकेंतील ठसा त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं खोदलेला आहे. लढाईच्या वेळीं राजा पांच वर्षांचाही नव्हता. पदकाची भाषा मात्र वृद्ध व बलाढ्य राजाच्या दरबारची आहे.

इंग्लंडांत हें काम दरबारापेक्षां बाजारानें अधिक केलें. इ. स. १७३९ मध्यें ॲडमिरल व्हर्नन यानें सहा जहाजांनिशीं स्पॅनिशांचें पोर्टो बेलो हें ठाणें घेतलें, तेव्हां त्याच्या मुखवट्याचीं हलक्या धातूचीं पदकें हातोहात विकलीं गेलीं. त्या भरांत इ. स. १७४१ मध्यें कार्ताहेना या शहरावर स्वारी झाली, आणि विजय गृहीत धरून कारागिरांनीं आगाऊच पदकें पाडलीं. त्यांवर स्पॅनिश सेनापति दॉन ब्लास हा व्हर्ननपुढें गुडघे टेकून तरवार देत असल्याचें चित्र आहे. प्रत्यक्षांत स्वारी फसली व इंग्रज आरमार परत फिरलें. जी शरणागति कधीं झालीच नाहीं, तिचीं हीं धातूचीं चित्रें आजही संग्रहांत आढळतात. दुसरा कांहीं पुरावा नसता, तर कित्येकांनीं यांवरून कार्ताहेना इंग्रजांनीं घेतल्याचें खुशाल लिहिलें असतें.

आमच्या देशाशीं संबंध असलेलें एक उदाहरण क्लाइव्हच्या पदकाचें आहे. प्लासीची लढाई २३ जून १७५७ रोजीं झाली. लंडनमधील कलांस उत्तेजन देणाऱ्या मंडळीनें काढलेल्या पदकावर प्लासीच्या विजयाचें नांव आहे, बंगालला राजा दिल्याची प्रौढी आहे, आणि वर्ष १७५८ चें आहे. लढाईचें साल ठरवितांना केवळ पदकावर विसंबणारा येथें एका वर्षानें चुकेल.

या तीन उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पदकावरील वर्ष हें पदकाच्या जन्माचें असेलच असें नाहीं. त्यावरील प्रसंग घडलेलाच असेल असें नाहीं. आणि त्यावरील वाक्य लढणाऱ्याचें नसून लिहविणाऱ्याचें असतें.

३

आमच्याकडे ही कल्पना अगदींच परकी होती असें मात्र नव्हे. याचा उत्तम दाखला वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच आहे. इ. स. १५९६ मध्यें चांदबिबीनें तह करून वऱ्हाड मोगलांस दिल्यानंतर शाहजादा मुराद याची छावणी बाळापूर परगण्यांत पडली. ऐन-ई-अकबरींत अबुल फजल लिहितो कीं, बाळापूरजवळ दोन ओढे असून त्यांच्या कांठीं नाना प्रकारचे सुंदर गोटे सांपडतात व ते पैलू पाडून अपूर्वाई म्हणून जवळ ठेवितात. तेथून सहा कोसांवर मुरादाची छावणी होती व तिचें पुढें शहापूर नांवाचें शहर झालें. मुराद इ. स. १५९९ मध्यें वारला. त्यानंतर अकबर स्वतः दक्षिणेच्या वाटेस लागला व त्यानें खानदेशच्या फारुकींचा असीरगड वेढला. गड जानेवारी १६०१ मध्यें हातीं आला.

या विजयाप्रीत्यर्थ अकबरानें असीर येथेंच सोन्याची मोहर पाडली. तिच्या एका बाजूस बहिरी ससाणा उभा आहे; दुसऱ्या बाजूस टांकसाळीचें नांव असीर, इलाही सन ४५ व महिना इस्फंदारमुज असा लेख आहे. हा महिना गड पडल्यानंतर लागलीच येणारा. म्हणजे जागा तीच, काळ तोच, आणि पाडविणाराही स्वतः विजेताच. समकालीन विजयमुद्रा म्हणतात ती ही. तथापि हिचीही साक्ष मर्यादितच आहे. गड लढून पडला कीं पैसे चारून हस्तगत झाला, यावर मोगल इतिहासकार व अकबराच्या छावणींतील पाद्री यांचें एकमत नाहीं. ससाणा याविषयीं मुका आहे. मोहोर कोठें व केव्हां पाडली, हें तो सांगतो. गड कसा पडला, हें नाहीं.

४

आतां बाळापूरच्या लढाईकडे वळूं. बाळाजी विश्वनाथानें इ. स. १७१९ मध्यें दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्या सय्यद बंधूंच्या अनुकूलतेमुळें. पुढच्याच वर्षीं निजामुल्मुल्क माळव्यांतून नर्मदा उतरून दक्षिणेंत आला. जूनमध्यें त्यानें दिलावरअलीखानाचा पराभव केला. आणि सय्यद हुसेनअलीचा पुतण्या आलमअलीखान, जो दक्षिणच्या सुभ्याचें काम पाहत होता, त्याच्याशीं १० ऑगस्ट १७२० रोजीं बाळापूरजवळ गांठ पडली. सनदा टिकणें सय्यदांच्या टिकण्यावर अवलंबून असल्यामुळें मराठी फौज आलमअलीच्या साह्यास होती. भर पावसाळ्याचे दिवस. पूर्णेच्या कांठच्या काळ्या चिखलांत निजामाच्या लष्कराचे दाणावैरणीचे हाल झाले होते. तरी लढाई त्यानें जिंकली. तरुण आलमअलीखान हत्तीवरून लढतां लढतां पडला. निजामाची दक्षिणेंतील सत्ता खऱ्या अर्थानें या दिवशीं पायावर उभी राहिली.

एवढ्या महत्त्वाच्या दिवसाचें पदक नाहीं. मग आठवण कशी राहिली? ती किताबांत राहिली. खंडेराव दाभाड्यांच्या पथकांतील दमाजी गायकवाड यानें या लढाईंत असा पराक्रम केला कीं, दाभाड्यांच्या शिफारसीवरून शाहू महाराजांनीं त्यास 'समशेरबहादूर' हा किताब दिला. दमाजी लवकरच वारला. परंतु किताब घराण्यांत चालला. बडोद्याचें संस्थान विलीन होईपर्यंत तेथील अधिपतींच्या नांवामागें 'सेनाखासखेल समशेरबहादूर' हीं पदें होतीं, आणि बडोद्याच्या नाण्यांवर तरवारीचें चिन्ह असे. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, दमाजी ज्या बाजूनें लढला ती बाजू हरली होती. युरोपांतील पदक विजयाचें असतें; हा किताब पराक्रमाचा आहे. हरलेल्या लढाईची आठवण जिंकणाऱ्याच्या चांदावर कधींच सांपडावयाची नाहीं. ती अशा किताबांत, इनामाच्या सनदांत व घराण्यांच्या कैफियतींत शोधावी लागते.

विजेत्यानें आपली आठवण ठेवण्यास धातूऐवजीं भूमीच वापरावी, याचेंही उदाहरण वऱ्हाडांतच आहे. इ. स. १७२४ मध्यें साखरखेर्डा येथें मुबारिजखानास ठार करून निजामानें दक्षिण निर्वेध केली, तेव्हां त्या गांवाचें नांव त्यानें फत्तेखेर्डा ठेविलें. सरकारी कागदांत तें चाललें. लोकांच्या तोंडीं साखरखेर्डाच राहिलें. विजेत्याच्या इच्छेला लोकांची संमति मिळतेच असें नाहीं, हें या एका नांवावरून कळतें.

मराठ्यांची म्हणून सांगितली जाणारी विजयस्मारकेंही याच दृष्टीनें तपासावींत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील मोठी घंटा इ. स. १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण मानली जाते. तिच्यावर १७२१ चा आंकडा आहे. तो फिरंग्यांच्या ओतकामाचा आहे, विजयाचा नव्हे. येथें लेखाचें वर्ष प्रसंगाच्या आधींचें, तर लुईच्या पदकांत ठशाचें वर्ष प्रसंगानंतरचें. दोन्ही ठिकाणीं वस्तूचा जन्म व प्रसंगाचा दिवस यांची फारकत केल्यावांचून अर्थ लागत नाहीं.

५

अडगांवची हकीकत याहून शिकविणारी आहे. सप्टेंबर १८०३ मध्यें असईस शिंदे-भोसल्यांचा मोड झाल्यावर कर्नल स्टीव्हन्सन यानें २१ ऑक्टोबर रोजीं असीरगड घेतला व तो गाविलगडाच्या रोखानें वऱ्हाडांत उतरला. जनरल वेलस्लीही येऊन मिळाला. २९ नोव्हेंबर रोजीं अडगांवच्या मैदानांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज व शिंद्यांचे स्वार तोफा मांडून उभे असलेले दिसले. दुपार कलल्यावर लढाईस तोंड लागलें. मराठी तोफा सुरू होतांच कंपनीच्या शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागें पळाल्या. याच शिपायांनीं असईस छातीठोकपणें गोळे सोसले होते. वेलस्लीनें स्वतः पुढें होऊन त्यांस आवरलें व पुन्हां रांगेंत उभें केलें. सायंकाळपर्यंत निकाल लागला. पाठलाग चांदण्यांत झाला. भोसल्यांच्या ३८ तोफा गेल्या. इंग्रजांकडील मेले व जखमी मिळून साडेतीनशेंच्या आसपास. पुढें १५ डिसेंबरला गाविलगड चढून घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह होऊन भोसल्यांनीं कटक व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. हा वऱ्हाड निजामास मिळाला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र भोसल्यांकडे राहिले.

पदक देणें कंपनीस नवें नव्हतें. पहिल्या मराठी युद्धाच्या अखेरीस तिनें दक्षिणच्या स्वारीचें पदक काढलें होतें. इ. स. १७९९ मध्यें टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणचें पदक तर मुद्दाम इंग्लंडांत बोल्टनच्या सोहो येथील कारखान्यांत पाडवून आणलें. त्यावर इंग्रजी सिंह म्हैसूरच्या वाघास दडपून बसला आहे. आणि तें दर्जाप्रमाणें सोन्यापासून कथिलापर्यंत वेगवेगळ्या धातूंत वांटलें. पण असई, अडगांव, गाविलगड येथें लढलेल्या सामान्य शिपायास त्या वेळीं चांद मिळाला नाहीं.

तो मिळाला इ. स. १८५१ मध्यें. इ. स. १८४७ त इंग्लंडांत नेपोलियनच्या काळच्या युद्धांचें पदक निघालें, त्यांत हिंदुस्थानांतील लढायांस स्थान नव्हतें. त्याची उणीव भरून काढण्यास कंपनीनें हें पदक मंजूर केलें. पदक रुप्याचें, ठसा विल्यम वायनचा. पुढल्या बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. मागल्या बाजूस बसलेली विजयदेवता, हातीं लॉरेलची डहाळी व हार, शेजारीं शस्त्रांचा ढीग व ताडाचें झाड. वर 'टु दि आर्मी ऑफ इंडिया' हीं अक्षरें व खालीं १७९९–१८२६ हीं सालें. फीत फिकट निळी. लढाईचें नांव पदकावर नसतें. तें फितीवर बसविलेल्या रुप्याच्या पट्टीवर असतें.

अशा एकूण २१ पट्ट्या ठरल्या. त्यांची यादी वाचतांना मराठी वाचकास थांबावें लागतें. अलीगड, दिल्ली, असई, असीरगड, लासवारी, अडगांव, गाविलगड, दिल्लीचा बचाव, डीगची लढाई, डीगचा किल्ला; पुढें खडकी, पुणें व दोहोंची जोडपट्टी; सीताबर्डी, नागपूर व दोहोंची जोडपट्टी; महीदपूर आणि कोरेगांव. उरलेल्या तीन म्हणजे नेपाळ, आवा व भरतपूर. एकवीसांपैकीं अठरा पट्ट्या मराठी फौजांशीं किंवा त्यांच्या सहकाऱ्यांशीं झालेल्या झुंजांच्या आहेत. मराठी राज्य कसें बुडालें याची ही विजेत्यानें स्वतः करून ठेवलेली टिपणीच होय. नवल एवढेंच कीं, पदकावरील पहिलें साल १७९९ आहे, आणि सर्वांत आधींची पट्टी इ. स. १८०३ ची आहे. म्हणजे पदकाच्या स्वतःच्या लेखाचाही पट्ट्यांशीं मेळ बसत नाहीं.

असीरगडाच्या बाबतींत तुलना विशेष बोधक होते. एकाच गडाच्या दोन विजयमुद्रा आहेत. एक गड पडल्यानंतरच्या महिन्यांत त्याच गडावर पाडलेली, सोन्याची. दुसरी अठ्ठेचाळीस वर्षांनीं लंडनांत पाडलेली, रुप्याची. पहिली अस्सल पत्राच्या जातीची. दुसरी बखरीच्या जातीची. इ. स. १८५१ च्या पदकावरून इ. स. १८०३ मधील भावना सांगणें, हें वृद्धाच्या आठवणीस रोजनिशी समजण्यासारखें आहे. तें पदक वस्तुतः इ. स. १८५१ च्या कंपनीविषयीं बोलतें. पंजाब जिंकून सर्व हिंदुस्थानभर पसरलेल्या त्या सत्तेस आपल्या वाटचालीची गोळाबेरीज करावीशी वाटली, हें तें सांगतें.

६

मग हें पदक टाकाऊ समजावें काय? मुळींच नव्हे. त्याची खरी किंमत दर्शनी बाजूस नसून कडेवर आहे. पदक मागणी करणाऱ्या हयात माणसासच मिळावयाचें होतें, म्हणून कडेवर त्याचें नांव व पलटण घालीत. युरोपियनांचीं नांवें बहुधा ठशाच्या अक्षरांनीं उठविलेलीं, व हिंदी शिपायांचीं वळणदार लिपींत कोरलेलीं आढळतात. एकूण सुमारें साडेचार हजार पदकें वांटलीं गेलीं. अडगांवास वीस वर्षांचा असलेला शिपाई इ. स. १८५१ त अडुसष्ट वर्षांचा होता. स्वतः वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यानें तीन पट्ट्यांचें हें पदक घेतलें तें ब्यायशींव्या वर्षीं. जे रणांत पडले, जे मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत वारले, आणि जे पलीकडच्या तोफांवर उभे होते, त्यांतला एकही या कडांवर नाहीं. तेव्हां हिंदी नांव असलेली एक कड सांपडणें म्हणजे त्या हजारों निनांवी शिपायांपैकीं एकाचें नांव हातीं लागणें होय. इतिहासलेखकानें खरी आशा धरावयाची ती येथें.

परंतु हीच कड सर्वांत आधीं नष्ट होते. रुपें उजळ दिसावें म्हणून चांद घासतात, व कोरलेलीं बारीक अक्षरें प्रथम झिजतात. विक्रीसाठीं जुनें नांव पुसून नवें घातलेलीं पदकें व मागाहून जोडलेल्या पट्ट्याही बाजारांत येतात. नाण्याची झीज झाली तरी तसेंच दुसरें नाणें मिळण्याचा संभव असतो. कडेवरचें नांव एकदां गेलें कीं त्याची दुसरी प्रत नसते. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावरील लेखकाचें नांव कोणीं खरवडलें, तर आपण त्यास काय म्हणूं? येथें तोच न्याय लावला पाहिजे.

पट्ट्यांवरील नांवांचें लेखनही टिपण्यासारखें आहे. अडगांवचें तेथें 'अर्गांव' झालें आहे. मराठी 'ड' इंग्रजी कानांस 'र' ऐकूं आला व कागदांत तसाच बसला. पुढें तें वाचून कांहीं मराठी पुस्तकांतही 'आरगांव' उतरलें. आमचें गांव आमच्याच पुस्तकांत परक्या उच्चारानें यावें, हा उलटा प्रवास थांबविणें आपल्या हातीं आहे. असईचेंही लेखन पट्टीवर वेगळें व पलटणींच्या निशाणांवर वेगळें आहे. अशा भेदांवरून कोणता लेख कोणत्या दप्तरांतून निघाला, हें ओळखण्यास मदत होते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. चांद हातीं आला कीं तो घासूं नये. दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांबरोबर कडेचा छाप सबंध घ्यावा. पट्टी मूळची आहे कीं जोडलेली हें पाहावें. वजन व व्यास लिहावा. आणि वस्तु कोणत्या गांवांतून आली हें विसरूं नये. टिपणांत प्रसंगाचें वर्ष व ठशाचें वर्ष हे दोन रकाने निरनिराळे ठेवावेत. इतकें केल्यास चांद हें शोभेचें रुपें न राहतां साधन होईल.

आणि दुसरी बाजू कागदांवर शोधावी. बाळापुरास एके काळीं चांगला कागद होत असे. त्या टापूंतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें, वतनांचे वाद, कैफियती व नेमणुकांच्या याद्या यांतून आलमअलीच्या बाजूनें पडलेल्या मराठ्यांचीं, मन्याबापूंच्या तोफांवरील गोलंदाजांचीं व बेनीसिंगाबरोबर गाविलगडावर राहिलेल्यांचीं नांवें अजून निघण्याजोगीं आहेत. चांदांच्या कडा आणि दप्तरांतील रुमाल हीं दोन्ही शेजारीं ठेवून वाचलीं, तरच १० ऑगस्ट १७२० व २९ नोव्हेंबर १८०३ या दोन दिवसांचा इतिहास दोन्ही बाजूंनीं पुरा होईल. ज्यांच्यापाशीं असा एखादा चांद किंवा असा एखादा कागद असेल, त्यांनीं त्याची नक्कल करून प्रसिद्ध करावी.